कालवा, नाला आणि नवा पूल
कुळगाव परिसराच्या निमित्ताने पूलप्रकाराच्या निवडीचा विचार

जुना पूल काढून त्याच जागी नवा बांधावयाचा, हा प्रश्न नव्या जागी पूल बांधण्याच्या प्रश्नापेक्षा सोपा आहे असे सकृद्दर्शनी वाटते. जागा ठरलेली असते, रस्ता ठरलेला असतो, पलीकडे जाण्याची गरज अनेक वर्षांच्या वापराने सिद्ध झालेली असते. उरतो तो सांगाडा कोणता घ्यावयाचा एवढाच प्रश्न, अशी समजूत होते. परंतु जुना पूल ज्या गृहीतांवर उभा राहिला ती गृहीते मधल्या काळात बदललेली असतात, आणि ती बदलली आहेत हे नुसत्या पुलाकडे पाहून समजत नाही. बैलगाड्यांसाठी बांधलेल्या मोरीवरून भरलेले ट्रक जाऊ लागतात. शेतांतून रेंगाळत येणारे पाणी काँक्रीटच्या अंगणांतून आणि गटारांतून धावत येऊ लागते. अशा स्थितीत जुन्याच मापाचा पूल नव्या सामग्रीने बांधणे म्हणजे जुनी चूक अधिक टिकाऊ करणे होय.

या विवेचनाचा मुख्य मुद्दा असा की, पुलाचा प्रकार निवडताना पहिला प्रश्न ‘वर काय बांधावे’ हा नसून ‘खाली वाहणारे पाणी कोणत्या जातीचे आहे’ हा आहे. कालव्यावरील पूल आणि नाल्यावरील पूल दिसावयास सारखे असले, त्यांचे गाळे सारख्या लांबीचे असले, तरी त्यांची निवड एकाच रीतीने करता येत नाही. उल्हास खोऱ्यातील कुळगाव आणि त्याच्या शेजारची अंबरनाथ व उल्हासनगर ही शहरे या भेदाचा विचार करण्यास अतिशय योग्य क्षेत्र आहे. कारण तेथे नाल्यांना कालव्याचे रूप देण्यात आले असून त्यांचा स्वभाव मात्र नाल्याचाच राहिला आहे.

क्षेत्राची ओळख

राजमाचीच्या डोंगरांत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी यांच्या जवळून बदलापूरला येते आणि पुढे कल्याणनंतर खाडीचे रूप घेऊन समुद्राकडे जाते. तिच्या एका अंगाला माथेरान, चंदेरी व मलंगगड यांची डोंगररांग आहे. या डोंगररांगेतून उतरणाऱ्या ओढ्यांना नदीस मिळण्यापूर्वी लोहमार्ग ओलांडावा लागतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने कल्याणपासून खोपोलीपर्यंतचा मार्ग १८५६ साली सुरू केला. तेव्हापासून या ओढ्यांच्या वाटेत एक लांबच लांब भराव उभा आहे, आणि पाण्याला त्यातील मोऱ्या व पूल यांतूनच जावे लागते. अंबरनाथच्या डोंगराळ भागातून येणारी वालधुनी इसवी सन १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरातून कल्याणच्या खाडीकडे जाते. १९४९ साली निर्वासितांच्या वसाहतीतून उल्हासनगर वसले. कुळगाव-बदलापूर नगरपरिषद १९९२ साली स्थापन झाली. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली तिची लोकसंख्या २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली होती.

या वाढीचा पुलांशी संबंध दुहेरी आहे. लोकवस्ती वाढली म्हणजे पुलावरील भार वाढतो, हे सर्वांच्या लक्षात येते. त्याच वस्तीमुळे पुलाखालचा भारही वाढतो, हे सहसा ध्यानात येत नाही. माती पाणी पिते, सिमेंट पीत नाही. उतारावरचे पाणी पूर्वी ओढ्यापर्यंत येण्यास जेवढा वेळ घेई, त्याच्या अल्पांशात ते आता येऊन पोहोचते. परिणामी पाऊस तेवढाच असूनही पुराचा माथा उंचावतो. त्यातच काठ बांधून नाला अरुंद केला की त्याला कालव्यासारखे सरळ, नीटनेटके रूप येते, आणि या रूपाने अभियंत्याचीही फसगत होऊ शकते.

ठाऊक पाणी आणि अदमासाचे पाणी

कालवा ही मनुष्याने निर्माण केलेली पाणवाट आहे. शीर्षद्वारातून किती पाणी सोडावयाचे हे माणसाच्या हाती असते. पूर्ण पुरवठ्याची पातळी, तळाचा उतार, काठांची उंची ही सर्व आराखड्यात लिहिलेली असतात. म्हणून कालव्यावरील पुलाच्या अभियंत्यास विसर्गाचा अंदाज करावा लागत नाही; तो त्याला दिलेलाच असतो. महाराष्ट्रात १८७० नंतरच्या दशकांत खडकवासल्याचे मुठा कालवे आणि नीरेचा डावा कालवा यांची कामे झाली. अशा जुन्या कालव्यांवरील दगडी पुलांच्या बाबतीत मुख्य प्रश्न वरच्या भाराचा असतो: ज्या कमानीवरून एके काळी बैलगाडी जात असे, तिच्यावरून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर जातो.

तथापि पाणी ठाऊक आहे म्हणजे ते निर्धोक आहे असे नव्हे. प्रॉबी कॉटली यांच्या देखरेखीखाली झालेला गंगा कालवा १८५४ साली सुरू झाला. त्याच्या काही भागांत उतार अधिक ठेवला गेल्याने तळ खरवडला जाऊ लागला आणि प्रपातांच्या खालील बांधकामांस धोका निर्माण झाला. विसर्ग ठरलेला असूनही वेगाचा हिशेब चुकला, असा याचा अर्थ. दुसरा धोका काठ फुटण्याचा. पुण्यात २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाच्या परिसरातील वस्तीत पाणी शिरले. ती दुर्घटना पुलामुळे घडली नव्हती. परंतु कालवा भरावावरून जात असेल तर त्याच्या पाण्याचा थोडाही फुगवटा केवढा महाग पडू शकतो, हे तिच्यावरून कळते. म्हणून कालव्यात नवा खांब घेणे, वा जुन्या खांबाला काँक्रीटचे वेष्टण देऊन तो जाड करणे, ही पाणवाट आकुंचित करणारी गोष्ट आहे याची जाणीव ठेवावयास हवी.

नाल्याचे पाणी मात्र अदमासाचे असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि उल्हास खोऱ्यालाही त्या दिवशी महापुराचा तडाखा बसला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुराने बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना पाण्यातून बाहेर काढावे लागले. अशा दिवसांचे पाणी कोणत्याही शीर्षद्वाराला विचारून येत नाही. त्याचा अंदाज पाणलोट क्षेत्र, पाऊस, उतार आणि जमिनीचा वापर यांवरूनच करावा लागतो.

दोन सूत्रे आणि त्यांच्या मर्यादा

या अंदाजासाठी मुंबई इलाख्यात जे सूत्र रूढ झाले ते क्लॉड इंग्लिस यांचे. १९१६ साली सुरू झालेल्या आणि पुढे खडकवासला येथे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र म्हणून विकसित झालेल्या संस्थेचे ते दीर्घकाळ प्रमुख होते. सह्याद्रीतील पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांसाठी त्यांनी दिलेले सूत्र दशमान मापांत असे मांडतात: महत्तम विसर्ग = १२४ × क्षेत्रफळ ÷ √(क्षेत्रफळ + १०.४). येथे क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये आणि विसर्ग घनमीटर प्रतिसेकंदात आहे.

दुसरे सूत्र जेराल्ड लेसी यांचे, १९३० मधील. गाळाच्या मातीतून वाहणारा कालवा दीर्घकाळानंतर कोणत्या रुंदीवर आणि खोलीवर स्थिर होतो, याचा अभ्यास करून त्यांनी भिजलेली परिमिती विसर्गाच्या वर्गमुळाच्या सुमारे ४.८ पट आणि खोली विसर्गाच्या घनमुळाच्या प्रमाणात असते असे दाखविले. उदाहरणार्थ, सेकंदास २० घनमीटर पाणी वाहणाऱ्या कालव्याची स्थिर परिमिती सुमारे २१.५ मीटर येते. गाळगुणांक एक धरल्यास सरासरी खोली सुमारे १.३ मीटर येते. पुढे इंग्लिस यांनी भारतीय पुलांच्या खांबांजवळील खरवडीच्या निरीक्षणांवरून असे सांगितले की, खांबाभोवतीची खरवड पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजली असता लेसींच्या खोलीच्या सुमारे दुप्पट भरते. भारतीय रस्ते महासभेच्या संहितेत खांबासाठी दुप्पट आणि काठावरील टेकूभिंतींसाठी १.२७ पट हे जे गुणक दिलेले आहेत, त्यांच्यामागे ही परंपरा आहे.

विद्यार्थ्यांनी येथे एका गोष्टीची विशेष नोंद घ्यावी. नदी-नाल्यांवरील पुलांच्या पायाची खोली ठरविणारे हे गणित मुळात कालव्यांच्या निरीक्षणातून, तेही गाळाच्या मैदानांतील कालव्यांच्या निरीक्षणातून, जन्मास आले आहे. त्यातील कल्पना अशी की पाणी दीर्घकाळ एकाच प्रमाणात वाहते आणि तळ त्याला अनुरूप आकार घेतो. कोकणातील नाल्याच्या बाबतीत यांपैकी काहीही खरे नसते. त्याचे पाणी चार तासांत चढते व उतरते. त्याच्या तळाशी कोठे मुरूम, कोठे गोटे, तर कोठे उघडा काळा पाषाण असतो. म्हणून लेसींची रुंदी नाल्यास जशीच्या तशी लावता येत नाही. तेथे पाणवाटेची रुंदी काठ, पूररेषा आणि प्रत्यक्ष छेद यांवरून ठरवावी लागते, आणि पायाची खोली विवरपरीक्षेने. पाया खडकात गेला तर कठीण खडकात ०.६ मीटर आणि सामान्य खडकात १.५ मीटर शिरकाव पुरेसा मानतात. सांधे उघडलेल्या, कुजलेल्या खडकाला कठीण खडक म्हणून लिहून टाकण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे.

एक हिशेब

केवळ तत्त्व सांगण्याऐवजी एक काल्पनिक परंतु या भागास साजेल असा हिशेब पाहू. डोंगरउतारावरून येणाऱ्या एका नाल्याचे पाणलोट क्षेत्र ४ चौरस किलोमीटर आहे असे मानल्यास इंग्लिस यांच्या सूत्राने विसर्ग सेकंदास सुमारे १३१ घनमीटर येतो. हा आकडा फुगविलेला वाटेल. परंतु त्याचा अर्थ एवढाच की सर्व क्षेत्रावरून ताशी सुमारे ११८ मिलिमीटर पाणी वाहून येत आहे. कोकणातील अतिवृष्टीच्या एखाद्या तासात हे अशक्य नाही, आणि जमीन सिमेंटने झाकली गेली असेल तर मुळीच नाही.

आता या नाल्यावर एक मीटर व्यासाचे चार नळ टाकून केलेला जुना नळकांडी पूल आहे असे समजू. चारही नळांचे मिळून क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. पाण्याचा वेग सेकंदास ३ मीटर धरला तर त्यांतून सुमारे ९.४ घनमीटर पाणी जाईल. म्हणजे येणाऱ्या पाण्याच्या चौदाव्या हिश्शासाठीच वाट आहे. उरलेले पाणी रस्त्यावरून जाईल, किंवा रस्ता उंच असल्यास मागे तुंबेल. ज्याला लोक पूल म्हणतात तो पुराच्या दिवशी बंधारा होतो. नळांच्या जागी ३ × ३ मीटर मापाच्या दोन पेट्यांची मोरी बांधली तरी विसर्ग ५४ घनमीटरवर थांबतो. पुरेशी पाणवाट हवी असेल तर सुमारे ४४ चौरस मीटर क्षेत्र मोकळे हवे: उदाहरणार्थ, १२ मीटरचा एक गाळा आणि ३.७ मीटर खोल पाणी.

येथपर्यंत गणित सरळ आहे; अडचण पुढे येते. सेकंदास ३० ते ३०० घनमीटर विसर्गासाठी पूरपातळी आणि पुलाचा तळ यांत ०.९ मीटर मोकळे अंतर ठेवावे असा संकेत आहे. त्यावर तुळया व लादी मिळून सुमारे एक मीटर धरल्यास रस्ता नाल्याच्या तळापासून ५.६ मीटर उंच होतो. जुना रस्ता तळापासून अडीच मीटरवर असेल तर तो ३.१ मीटर उचलावा लागेल, आणि तीसास एक असा चढ दिला तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे ९३ मीटर लांबीचा भराव येईल. शहरी वस्तीत असा भराव म्हणजे दुतर्फा घरांच्या दारांत उभी राहिलेली भिंत. पूरमैदानात तो भरावच पाणी अडवितो. पुलाखालून जे पाणी सोडवावयाचे, तेच पुलाकडे नेणारा रस्ता अडवून धरतो.

याला पर्याय रुंदीचा. पाण्याची खोली अडीच मीटर राखावयाची असेल तर पाणवाट साडेसतरा मीटर रुंद हवी. पूल तेवढा लांब करता येईल. परंतु वरच्या व खालच्या अंगाला नाला अरुंदच राहिला तर रुंद गाळ्याचा उपयोग होत नाही. नाला रुंद करावयाचा तर काठावरील बांधकामे हलवावी लागतात. याप्रमाणे पूलप्रकाराचा म्हणून सुरू झालेला प्रश्न जमिनीचा व माणसांच्या निवाऱ्याचा प्रश्न बनतो. आराखड्यावर तो पुलाच्या गाळ्याची लांबी म्हणून दिसतो, एवढेच.

जुन्या पुलाची परीक्षा

नवा प्रकार निवडण्यापूर्वी जुना ठेवता येईल काय हे पाहणे आवश्यक आहे. दगडी कमानीच्या पुलाला वयावरून मोडीत काढणे योग्य नव्हे. त्यात गंजणारे पोलाद नसते, बेअरिंग नसतात, सांधे नसतात, आणि कमानीची भार पेलण्याची शक्ती अनेकदा अपेक्षेहून अधिक आढळते. परंतु कमान ही पायांच्या स्थैर्यावर जगते. तुळईचा पूल खांब थोडा खचला तर वाकतो, तडकतो, इशारा देतो. कमानीच्या पुलाचा खांब हलला तर शेजारचे गाळेही एकामागून एक जाऊ शकतात, आणि इशाऱ्यास फारसा अवधी मिळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीला पूर आलेला असता मुंबई-गोवा महामार्गावरील १९२८ सालचा दगडी पूल कोसळला. अंधारात दोन एस. टी. बसगाड्या आणि इतर वाहने नदीत गेली व अनेक प्रवासी प्राणास मुकले. त्या जागी नवा पूल पुढच्या पावसाळ्यापूर्वी, जून २०१७ मध्ये, वाहतुकीस खुला करण्यात आला.

या घटनेपासून शिकण्यासारखी पहिली गोष्ट परीक्षेच्या जागेविषयीची आहे. पुलाची पाहणी रस्त्यावरून केली तर कठडे, डांबर आणि वरच्या भेगा दिसतात. पूल ज्यावर उभा असतो तो भाग पाण्याखाली असतो. म्हणून पावसाळ्यानंतर पाणी ओसरताच तळाचे छेद घेऊन ते मागील वर्षांच्या छेदांशी ताडून पाहणे हा तपासणीचा गाभा होय. दुसरी गोष्ट निर्णय आणि कृती यांच्यामधील काळाविषयीची. १५ जून २०२५ रोजी मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. धोकादायक ठरलेला पूल नवा होईपर्यंत उभाच असतो, आणि उभा असेपर्यंत लोक त्यावरून जातातच. पूल बदलण्याच्या योजनेत नव्या पुलाच्या आराखड्याइतकाच जुना पूल बंद करण्याचा आराखडाही महत्त्वाचा आहे.

प्रकारांचा विचार

उपलब्ध प्रकारांकडे आता वळता येईल. नळकांडी पूल स्वस्त व त्वरित होणारा. शेतातील चारी, रस्त्याकडेचे गटार यांस तो योग्य. वाहत्या कचऱ्याच्या नाल्यास तो सर्वांत वाईट, कारण एक फांदी आणि दोन पोती नळ बंद करण्यास पुरेशी होतात.

पेटीमोरी तळ, भिंती व छत एकसंध असल्याने मऊ जमिनीवर भार पसरविते. अस्तर केलेल्या कालव्यात तिचा तळ अस्तराशी मिळता ठेवता येतो. कारखान्यात ओतलेल्या पेट्या आणून बसविता येतात हा तिचा मोठा गुण. परंतु अनेक पेट्यांची मोरी केली तर मधल्या भिंतींच्या नाकांवर कचरा अडकतो. कागदावर चार पेट्यांचे क्षेत्रफळ एका मोठ्या गाळ्याएवढे दिसते, पुरात ते तेवढे राहत नाही.

सलोह काँक्रीटचा लादीपूल सुमारे दहा मीटरपर्यंतच्या गाळ्यास सोयीचा. त्याहून लांब गाळ्यांस तुळया व लादी यांचा, आणि वीस-पंचवीस मीटरच्या पुढे पूर्वप्रतिबलित तुळयांचा पूल उचित ठरतो. पोलादी तुळयांवर काँक्रीटची लादी हा प्रकार वजनाने हलका असल्याने पायावरील भार कमी करतो आणि लवकर उभारता येतो. कोकणच्या दमट हवेत रंगकाम वेळच्या वेळी होणार असेल तरच तो घ्यावा. जेथे रस्ता उचलणे शक्य नाही तेथे दोन बाजूंना खोल तुळया आणि त्यांच्या तळाशी रस्ता, अशी रचना करून पुलाच्या तळापर्यंतची जाडी कमी करता येते. लहान नगरपालिकांसाठी आणखी एक रचना विशेष विचारार्ह आहे: ज्यात लादी टेकूभिंतींशी एकजीव ओतलेली असते आणि बेअरिंग व सांधे मुळीच नसतात, असा एकसंध पूल. बेअरिंग बदलणे आणि सांध्यांतील गळती थांबविणे ही कामे जेथे वर्षानुवर्षे राहून जातात, तेथे ज्या भागाला देखभाल लागते तो भागच नसणे हा मोठा लाभ आहे.

भाराबाबत फारसा पर्याय नसतो. दोन पदरी पुलाचा विचार भारतीय रस्ते महासभेच्या संहितेनुसार ‘७० आर’ वर्गाचे एक वाहन किंवा ‘अ’ वर्गाच्या वाहनांच्या दोन रांगा, यांपैकी जे अधिक परिणाम करील त्यासाठी करावा लागतो. ‘७० आर’ मधील साखळीचाकी वाहन ७० टनांचे, तर चाकांचे १०० टनांचे असते. रस्ता लहान आहे म्हणून पूल हलका करणे ही काटकसर फसवी ठरते. बांधकामाचे साहित्य नेणारी अवजड वाहने वाढत्या गावात सर्वांत आधी अशा लहान रस्त्यांवरच येतात. तसेच पुलाला लगटून नेलेल्या पाण्याच्या नळवाहिन्यांची जागाही आराखड्यातच ठरवावी. त्या पुढे पाणवाटेत टांगल्या गेल्या तर हिशेबाने मिळविलेले मोकळे अंतर त्याच खाऊन टाकतात.

कामाचा काळ

कालवा आणि नाला यांतील भेद बांधकामाच्या वेळापत्रकात सर्वांत स्पष्ट दिसतो. कालव्यावरील काम दोन आवर्तनांच्या मधल्या काळात उरकावे लागते. हा काळ थोडा, पण निश्चित असतो. आवर्तन लांबले तर उभी पिके वाळतात, म्हणून अभियंत्याला तो वाढवून मिळत नाही. साहजिकच तेथे आधी तयार केलेल्या पेट्या किंवा तुळया आणून बसविण्याच्या प्रकाराला, किंवा कालव्याच्या पात्रात मुळीच न उतरता एका काठावरून दुसऱ्या काठावर जाणाऱ्या एकाच गाळ्याला, प्राधान्य मिळते.

नाल्यावरील कामाला ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत दीर्घ अवकाश असतो, परंतु त्याची मर्यादा जूनच्या पहिल्या पावसाने आखलेली असते. पाया खणलेला, जुना पूल पाडलेला आणि वळणरस्त्यासाठी नळ टाकलेले, अशा अवस्थेत पाऊस आला तर जुन्याहून वाईट परिस्थिती निर्माण होते. यास्तव पायाचे काम डिसेंबरअखेर पूर्ण होईल अशा रीतीने निविदेचा क्रम लावणे, हा खर्चाच्या तक्त्यात न दिसणारा पण निवडीवर परिणाम करणारा घटक आहे.

निवडीची रीत

अनेक पर्यायांची तुलना करण्यासाठी खर्च, काळ, टिकाऊपणा, देखभाल, सौंदर्य इत्यादी निकषांना गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत रूढ आहे. ही पद्धत उपयुक्त असली तरी तिच्यात एक मूलभूत दोष आहे. बेरजेत एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूने भरून निघते. पाण्यास अपुरा असलेला नळकांडी पूल स्वस्ताईचे आणि शीघ्रतेचे गुण मिळवून पहिला येऊ शकतो. परंतु अपुऱ्या पाणवाटेची भरपाई स्वस्ताईने होत नाही.

म्हणून निकषांचे दोन वर्ग करावेत. पहिला वर्ग पात्रतेचा: पाणवाट, पायाची खोली, भार आणि पुलासह जोडरस्त्यामुळे होणारा पाण्याचा फुगवटा. यांत उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असावे. एकही ‘नाही’ आले की तो पर्याय गळावा. दुसरा वर्ग तुलनेचा: आरंभीचा खर्च, पुढील पन्नास वर्षांची देखभाल, कामाचा काळ, वाहतुकीची गैरसोय, रूप. गुणांची बेरीज या दुसऱ्या वर्गापुरतीच करावी. कालव्याच्या बाबतीत पात्रतेच्या परीक्षेत बहुतेक प्रकार सहज उतरतात आणि निवड दुसऱ्या वर्गात, विशेषतः काळाच्या निकषावर, ठरते. नाल्याच्या बाबतीत पहिल्याच परीक्षेत बहुतेक स्वस्त प्रकार गळतात. दोहोंना एकच तक्ता लावणे गैर आहे ते याच कारणासाठी.

क्रमाचा प्रश्न

एका पुलाचा विचार येथे संपतो. कुळगावसारख्या गावाचा विचार मात्र संपत नाही, कारण तेथील नाल्यावर पूल एकटा नसतो. वरच्या वाडीची मोरी, तिच्याखाली नगरपरिषदेच्या रस्त्याचा पूल, त्याखाली लोहमार्गाची मोरी आणि शेवटी नदीचा काठ, अशी साखळी असते, आणि तिचे दुवे निरनिराळ्या यंत्रणांच्या ताब्यात असतात. वरची अपुरी मोरी पाणी तुंबवून धरते, हा तिचा दोष असला तरी खालच्या वस्तीपुरता तो गुण ठरतो. तेवढे पाणी खाली उशिरा येते. ती मोरी काढून मोठा गाळा बांधला की वरची आळी कोरडी राहते आणि पुराचा माथा थेट खालच्या पुलावर जाऊन आदळतो. तो पूल जुनाच असेल तर पूर नाहीसा झालेला नसतो. तो एका घराच्या दारातून दुसऱ्या घराच्या दारात हलविलेला असतो.

यावरून निघणारा नियम साधा आहे. पाण्याच्या हिशेबाचे एकक पूल हे नसून नाला हे असावे, आणि पूल बदलण्याचा क्रम नदीच्या बाजूने सुरू करून डोंगराकडे न्यावा. नदीलाच पूर असताना नाल्याचे पाणी तिच्यात उतरत नाही, म्हणून सर्वांत खालच्या पुलाची पातळी नदीची पूररेषा पाहून ठरवावी. निधी मंजूर होण्याचा क्रम बहुधा याच्या उलट असतो. ज्या वस्तीत तक्रार मोठी आणि जागा मोकळी, तेथील पूल आधी होतो. तो उत्तम बांधला गेला, त्याच्या प्रत्येक तुळईचे गणित अचूक असले, तरी तो चुकीच्या वेळी बांधला गेलेला असू शकतो. म्हणून नव्या पुलाच्या प्रस्तावासोबत त्याच्याखालच्या सर्व पुलांची पाणवाट दाखविणारा तक्ता जोडणे बंधनकारक असावे. तो तयार करण्यास मोजपट्टी, पातळीयंत्र आणि कोरड्या ऋतूतील काही दिवसांचे श्रम लागतात. खालच्या वस्तीतील लोकांना पुराच्या रात्री त्याची किंमत कळण्यापेक्षा ती आराखड्याच्या टेबलावर कळणे केव्हाही इष्ट होय.